अम्माच्या झोपेवरचा पहारा

कीर्तीच्या घरात रात्रीचं जेवण झालं की कुकरलाही शिट्टी मारायची परवानगी नव्हती.

हा कायदा आत्तेचा. आत्ते म्हणजे अप्पांची थोरली बहीण वरलक्ष्मी. जन्मभर तंजावरच्या मुलींच्या शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. भावजयीची झोप उडाली आहे हे कळल्यावर ती एक पेटी आणि तिळाच्या तेलाची बाटली घेऊन कुंभकोणमला आली आणि आल्या दिवसापासून घराचीही मुख्याध्यापिका झाली. दारांच्या कड्या वाजू नयेत म्हणून तिने त्यांना अप्पांच्या जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, चिंध्या बांधल्या. टीव्हीचा आवाज बंद केला. अप्पा बिचारे क्रिकेट मुक्यानेच बघायचे आणि विकेट पडली की तोंडावर उशी धरून ओरडायचे. दिवेलागण होते न होते तोच अम्माच्या तळपायांना तेल, हातात जायफळाचं दूध आणि हुकूम, "जा गे त्रिपुरा, नीज आता."

अम्मा निमूट जायची. मग सगळं घर कान टवकारून बसायचं. आली का? झोप आली का?

नाही यायची.

सुरुवात झाली ती मागच्या वर्षी. अप्पांच्या छातीत कळ आली, इस्पितळात नेलं, एक नळी बसवली आणि अप्पा ठणठणीत होऊन घरी आले. बँकेतही जायला लागले. पण पहिले काही आठवडे अम्मा रात्रभर त्यांच्या श्वासाकडे कान लावून पडायची. एक श्वास संपला की दुसरा येतोय ना, एवढंच बघत. अप्पा बरे झाले, अम्माच्या कानांचा पहारा मात्र संपला नाही. मग आत्तेने ठरवलं की विश्वेशच्या, म्हणजे अप्पांच्या, घोरण्यामुळेच हिला झोप येत नाही, आणि अप्पांची रवानगी हॉलमध्ये झाली. आता अम्माला तोच श्वास भिंतीपलीकडून ऐकावा लागायचा. कानांना काम दुप्पट!

या मुक्या घरात सगळ्यांत जास्त कोंडी झाली होती ती कीर्तीची. कारण नेमका याच वर्षी तिला आवाज सापडला होता. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात हजेरी द्यायची ती पुटपुटून. प्रार्थनेच्या वेळी दोन ओळी वाचायला उभं केलं तर तिची वाचा बसली आणि अख्खी शाळा बघत राहिली. आणि यंदा अकरावीत, कुठून काय आलं कोण जाणे, वादविवादात ती उभी राहिली आणि समोरच्या संघातल्या उंच मुलाला तिने असं काही गप्प केलं की परीक्षकच हसायला लागले. तेव्हापासून तिला बोलायचंच असायचं. रस्त्यात, रिक्षात, आंघोळ करताना. आणि घरी? घरी चवड्यांवर चालायचं.

"कीर्ति, हळू गे," आत्ते डोळे वटारायची.

"आत्ते, मी काही बोललेच नाही."

"बोलणार होतीस. तुझं तोंड बघून कळतं मज."

अम्मा तिरुभुवनमच्या एका विणकर सोसायटीत रेशमी साड्यांची नक्षी काढते. पूर्वी चौकड्यांच्या कागदावर काढायची, आता संगणकावर. एकेक चौकट म्हणजे धागा वर की खाली, हे सांगणारी खूण. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढतात आणि काठावर हंस उमटतात. चौकट चुकली की धागा चुकला. अम्माची चौकट कधी चुकायची नाही. तिच्या हाताखाली काम शिकलेला साईराम म्हणायचा, "अक्कांनी काढलेला हंस बोलावला तर येईल."

उन्हाळ्यात एका नवरीच्या साडीत एका हंसाची मान मोडली. म्हणजे मानेच्या चौकटी एका बाजूला सरकल्या आणि दर काही हंसांमागे एक हंस मान टाकलेला दिसायला लागला. लक्षात येईपर्यंत वीतभर काठ विणून झाला होता. सोसायटीचे सेक्रेटरी भले माणूस. ओरडले नाहीत. म्हणाले, "अम्मा, आडी महिना संपेपर्यंत विश्रांती घ्या. आडीत लग्नं नाहीत, घाई नाही. आवणी लागली, लग्नसराई सुरू झाली की या."

अम्माने घरी येऊन एवढंच सांगितलं, "सुट्टी मिळाली."

तेव्हापासून तिने पेन्सिलसुद्धा हातात धरली नव्हती. दारातला कोलम, म्हणजे पिठाची रांगोळीही, आता आत्तेच घालायची, अम्माला सकाळी जास्त वेळ पडता यावं म्हणून. आत्तेचा कोलम म्हणजे चार रेघा आणि मध्ये एक फुली. जणू उत्तरपत्रिकाच तपासली आहे.

डॉक्टरची गोष्ट काढली ती कीर्तीने. झालं असं की परीक्षेच्या आधी शाळेत एक डॉक्टरीणबाई आल्या. डॉक्टर शिवरंजनी. मुलांनी रात्र रात्र जागून अभ्यास का करू नये, यावर त्या बोलल्या आणि शेवटी विचारलं, काही प्रश्न? अख्खा हॉल माना खाली घालून बसला. कीर्ती उभी राहिली. "मॅडम, झोपायचंच असूनही झोप येत नसेल तर?" मागून कुणीतरी म्हणालं, "तुझं भाषण ऐकायचं!" हशा पिकला. कीर्तीही हसली, पण बसली नाही. "माझ्या अम्माला येत नाही. वर्ष झालं." मग हशा आपोआप थांबला. डॉक्टर म्हणाल्या, "घेऊन ये तिला. यावर उपचार असतो."

उपचार असतो! हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात सांगितल्यावर आत्ते चिडली.

"झोंपेला डॉक्टर? उद्या शिंकेला डॉक्टर आणशील."

"आत्ते, तुला गुडघ्याला डॉक्टर चालतो ना?"

"गुडघा दिसतो गे. झोंप काय दिसते?"

"न झोपलेलं माणूस दिसतं की," कीर्ती म्हणाली, आणि अम्माकडे बघायचं नाही असं ठरवूनही सगळ्यांनी अम्माकडे बघितलं. डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं काळं. मग मीही येणार, असं आत्तेने जाहीर केलं.

आता इथे एक सांगायला हवं. कीर्तीच्या घरात मराठी बोलतात. तंजावरला मराठे राज्य करत होते तेव्हा आलेली ही घराणी, आणि त्यांची मराठीही तेव्हाचीच, वर तमिळचं वाटण घातलेली. उंबरठा ओलांडला की तमिळ, आत आलं की मराठी. पण बाहेरही तिचा एक उपयोग होतोच. साडीच्या दुकानात दुकानदार कौतुकाने एकेक पदर उलगडत असताना "हा रंग भिक्कार आहे" हे म्हणायचं ते मराठीत. बसमध्ये शेजारच्या बाईच्या नवऱ्याबद्दल बोलायचं ते मराठीत. कुंभकोणममध्ये कोण समजणार? हा त्यांच्या सगळ्या नातेवाइकांचा पिढीजात भरवसा. कुलूप लावायचं आणि किल्ली जिभेवर ठेवायची.

दवाखान्यात तिघी ओळीने बसल्या. अम्मा मध्ये, एका बाजूला आत्ते, दुसऱ्या बाजूला कीर्ती. डॉक्टर शिवरंजनी तमिळमध्ये विचारत होत्या आणि अम्मा तमिळमध्ये, शाळेतल्या मुलीसारखी, शक्य तितकं कमी उत्तर देत होती. घोरता का? नाही. थायरॉइडची तपासणी केली आहे? नाही. बिछान्यावर कधी जाता? लवकर. दुपारी झोपता?

"नाही," अम्मा म्हणाली. आणि लगेच आत्तेकडे वळून मराठीत, "वन्सं, दुपारचं नका हो सांगू. वाईट दिसतं, घरात कामं टाकून निजते म्हणून."

"मी कशाला सांगू? आणि तू त्या गोळीचं बोलू नको. माझ्या गोळीतली अर्धी देते म्हटलं तर ही डॉक्टरीण मजच ओरडेल. चेहरा बघ कसा, इन्स्पेक्टरसारखा."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "झोप नाही याचा सगळ्यांत जास्त त्रास कशात होतो?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"काही नाही, जरा थकवा," अम्मा तमिळमध्ये म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला, भाषा बदलली, आणि ती स्वतःशीच बोलावं तसं मराठीत बोलायला लागली. "झोंपेचं काय घेऊन बसलात? भ्या वाटतं ते हाताचं. परत बसले तर परत मान मोडेन. आवणीत मी जाणारच नाही. राजीनामा देते म्हणून सांगणार आहे. ह्यांना अजून बोलले नाही."

कीर्तीने वळून बघितलं. अम्मा सोसायटीत जाणार नाही? बसमध्ये खिडकीपाशी बसून समोरच्या बाईच्या साडीच्या काठाच्या चौकटी मोजणारी अम्मा? कीर्तीला ते सहन होईना. डोळ्यांत पाणी यायच्या आत काहीतरी विनोद करायचा ही तिची नवी सवय, म्हणून ती मराठीत पटकन म्हणाली, "अम्मा, ही डॉक्टर काय आपल्याला झोपवणार? तिचेच डोळे बघ. स्वतःच झोपली नाहीये!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बरोबर ओळखलंस," त्या म्हणाल्या. मराठीत! "काल रात्री माझी ड्यूटी होती. आज दुपारी घरी जाऊन झोपणार आहे. मला झोप लागते, म्हणून मी टेबलाच्या या बाजूला."

तिघी अशा बसल्या की जणू गुरुजींनी प्रसाद चोरताना पकडलं.

"मी मिरजेला शिकले," डॉक्टर सांगायला लागल्या. "वॉर्डातल्या आज्यांनी मराठी शिकवली. पण तुमची मराठी ऐकून वाटलं, कुणीतरी सरदार घोड्यावरून उतरून आला की काय. किती गोड आहे हो."

"तुमची फार धावते," आत्तेच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिला आठवलं. "ते इन्स्पेक्टर... मी आपलं..."

"इन्स्पेक्टर तर इन्स्पेक्टर. आता चौकशी करते." डॉक्टर हसत होत्या, पण पुढचं बोलल्या ते न हसता. "ही गोळी किती दिवस चालू आहे? रोज? दुसऱ्याची गोळी घेणं बरं नाही, आणि घेतलेली एकदम बंद करणंही बरं नाही. मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची. आणि तुमची गोळी तुम्हाला का दिली आहे, तेही मला बघायचं आहे, आत्याबाई. तुमची पाळी पुढच्या वेळी."

मग त्या अम्माकडे वळल्या. आता कुलूप फुटलंच होतं, त्यामुळे सगळं बाहेर आलं. तेल, दूध, चिंध्या, हॉलमधले अप्पा, उशिरापर्यंत लोळणं, दुपारचा डोळा. डॉक्टर मध्येमध्ये फक्त "मग?" म्हणत होत्या. रक्ताची तपासणी करायला सांगितली. दुसरं काही कारण नाही ना हे बघायला हवंच, म्हणाल्या.

"तुमची झोप उडाली तेव्हा कारण खरं होतं," त्यांनी समजावलं. "नवरा आजारी, बायको जागी. कुणीही जागेल. ते कारण गेलं. पण तोवर झोप येत नाही ही एक वेगळीच काळजी तयार झाली, आणि ती आता स्वतःच्या पायांवर चालते आहे. तिला खायला कोण घालतं? तुम्ही सगळे. संध्याकाळपासून बिछान्यावर पडायचं, सकाळी उठायचं नाही, दुपारी भरपाई करायची. म्हणजे दिवसातला केवढा वेळ तुम्ही बिछान्यावर जागं राहण्याचा सराव करता! आता अंग बिछान्याला टेकलं की शरीराला वाटतं, चला, जागायची वेळ झाली."

"मग काय करायचं?" अम्माने विचारलं.

"कमी झोपायचं."

आत्तेने खुर्चीचा हात धरला. "अय्यो! पावम् हो ती, बिचारी आधीच मेली आहे!"

"कमी वेळ बिछान्यावर राहायचं," डॉक्टरांनी दुरुस्त केलं. "डोळे मिटायला लागल्याशिवाय जायचं नाही. गेल्यावर झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. सकाळी रोज एकाच वेळेला उठायचं, रात्र कशीही गेली असली तरी. दुपारी निजायचं नाही. यजमानांना परत खोलीत घ्या, म्हणजे भिंतीला कान लावावा लागणार नाही. आणि घरात आवाज होऊ दे. माणसं राहतात तिथे आवाज होतात."

"म्हणजे मी केलं ते सगळं चूक," आत्ते म्हणाली. तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "मायेने केलं तुम्ही. फक्त झोपेला मायाही जड होते कधीकधी. आणि एक ऐका. पहिले काही आठवडे वाईट जातील. आत्तापेक्षाही वाईट. सांगितलं नाही म्हणू नका. त्या दिवसांत स्कूटर असली तर चालवायची नाही."

तिघी उठल्यावर त्या म्हणाल्या, "नोकरीचं आत्ता ठरवू नका. जागलेला माणूस जे ठरवतो ना, ते सगळं अंधारातलं असतं."

घरी आल्यावर आत्तेने कड्यांच्या चिंध्या सोडल्या. अप्पांची गादी आत गेली. रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही. राजीनाम्याचं कीर्तीने अप्पांना सांगितलं नाही, अम्मानेच सांगितलं, आणि अप्पा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तू सोडलंस तर मज रोज वाटेल की माझ्यामुळे सोडलंस," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी टीव्हीचा आवाज लावला. अम्मासाठीच लावला, पण आधी स्कोअर बघितला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यात एका अक्षराचीही अतिशयोक्ती नव्हती. वाईट म्हणजे किती वाईट! अम्मा इडली हातात धरून पेंगायची. भाजीत मीठ दोनदा, फिल्टर कापीत साखर एकदाही नाही. सकाळी ठरल्या वेळी आत्ते तिला हाक मारायची आणि अम्मा अशी बघायची की आत्तेचाच जीव कळवळायचा. "राहू दे का गे आजचा दिवस?" ती विचारायची, आणि कीर्ती मध्ये पडायची, "आत्ते! तू माफ केलेलं डॉक्टरला चालणार नाही." मग अम्मा भिंत धरून दारात जायची आणि तांदळाचं पीठ घेऊन कोलम घालायला बसायची. पहिल्या दिवसांतल्या तिच्या कोलमांना बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, "नवीन मुलगी ठेवली का कामाला?"

दुपारी अम्माला जागं ठेवायचं काम आत्तेकडे, संध्याकाळी कीर्तीकडे. तिने ते असं अंगावर घेतलं की विचारू नका. शाळेतून आली की दप्तर फेकून अम्माला ओढत महामहम तलावाकडे. एक फेरी, दुसरी फेरी, कोपऱ्यावरच्या मंडपापाशी चणे. तोंड अखंड चालू. वर्गातली भांडणं, वादविवादाचे मुद्दे, रसायनशास्त्राच्या सरांची मिशी. अम्माने पायरीवर बसून डोळे मिटले की कीर्तीचं बोट तिच्या दंडात.

"तू माझी पोर आहेस की पोलीस?" एकदा अम्मा वैतागून म्हणाली.

"दोन्ही. पगार मात्र एकाचाच."

आणि रोज सकाळी कीर्तीचा पहिला प्रश्न ठरलेला. "आली?" अम्मा दात घासत असायची, तोंडात फेस. तिने नाही अशी मान हलवली की कीर्ती अप्पांकडे बघायची, अप्पा आत्तेकडे, आत्ते देवाकडे. एखाद्या दिवशी अम्माने "थोडी" म्हटलं की घरात सण. मग त्या रात्री हमखास काही नाही.

असं का होतं, ते कीर्तीला कळलं ते एका सकाळी, फार साध्या रीतीने. ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून "आली?" म्हणणार तोच तिला आरशात अम्माचा चेहरा दिसला. अम्माने तिला येताना बघितलं होतं, आणि प्रश्न यायच्या आधीच तिचा घसा आवंढा गिळल्यासारखा हलला. कीर्तीला तो घसा ओळखीचा वाटला. कुठे बघितला होता? कुठे नाही, तो तिचा स्वतःचाच होता. प्रार्थनेच्या वेळचा, अख्खी शाळा बघत असतानाचा. शब्द येत होते की तिला, सगळे पाठ होते, पण इतके डोळे एका तोंडावर टपून बसले की तोंड काय करणार? ती बोलायला लागली ती कधी? जेव्हा वादविवादाच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष त्या उंच मुलाकडे होतं तेव्हा. तिच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. किती मोकळं वाटलं होतं!

म्हणजे आत्तेने चिंध्या सोडल्या, पण पहारा तसाच राहिला होता. आता पहारेकरी होती कीर्ती. गडबडीने, हसत खेळत, पण पहारेकरीच. अम्मा रात्री झोपायला जात नव्हती, परीक्षेला जात होती, आणि सकाळी निकाल घ्यायला मुलगी दारात उभी.

तिने तोंडातला "आली?" पुरता न बोलताच गिळला. फेसाने भरलेल्या तोंडाने अम्मा वाट बघत राहिली.

"काय गे?" शेवटी अम्मानेच विचारलं.

"काही नाही. माझी निळी रिबिन कुठे आहे?"

शाळेत निघताना तिने अप्पांना आणि आत्तेला कोपऱ्यात घेऊन बजावलं. "आजपासून कुणी विचारायचं नाही. चेहऱ्यानेही नाही. आत्ते, विशेषतः तुझ्या चेहऱ्याने."

"माझ्या चेहऱ्याला काय झालं?"

"तो फार विचारतो."

न विचारणं हे बोलण्यापेक्षा किती अवघड असतं! कीर्तीची जीभ वळवळायची. पण हळूहळू घराला दुसरे विषय सुचायला लागले. गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमी होत होत एक दिवस बंद झाली, आणि त्याची बातमी झाली नाही. कोलमाच्या ठिपक्यांभोवती रेघा परत डौलाने वळायला लागल्या. मग एकदा संध्याकाळी कीर्ती मोठ्याने मुद्दे म्हणत घरभर फिरत असताना अम्मा खेकसली, "हळू! डोळे मिटतायत माझे, आणि अजून वेळ झाली नाही." कुणी नाचलं नाही. आत्ते फक्त देवघरात जाऊन आली, तेही उदबत्ती राहिली होती म्हणून, असं तिने न विचारता सांगितलं.

आवणी आली. सोसायटीतून फोन आला. लग्नाच्या साड्यांची गर्दी सुरू झाली होती.

"सोमवारी येते," अम्मा फोनवर म्हणाली. फोन ठेवून ती पेन्सिल शोधायला गेली.

आणि त्या सोमवारी सकाळी अम्मा स्वयंपाकघरात आली ती डोळे तांबडे घेऊन. कुणी विचारलं नाही. तीच म्हणाली, "काल नाही आली. बिलकूल नाही."

भांडं खाली ठेवताना आत्तेचा हात हवेतच राहिला. अप्पा पेपराआड गेले. कीर्तीला वाटलं, संपलं. आज ही जाणार नाही, आणि आज गेली नाही तर कधीच जाणार नाही. तिच्याकडे बोलायला काय नव्हतं? अख्खं भाषण तयार होतं, उतारे, दाखले, शेवटी टाळीचं वाक्य. तिने दोन्ही ओठ आत ओढून घेतले आणि चटणीकडे बघत बसली.

"मग... पुढच्या आठवड्यात जा म्हणते मी," आत्ते चाचरत म्हणाली.

अम्माने कापीचा पेला दोन्ही हातांत धरला होता. 

"पुढच्या आठवड्यातही एखादी रात्र अशी येईल, वन्सं. तेव्हा काय त्याच्या पुढच्या आठवड्यात जाऊ?" तिने पेला संपवला. "एक रात्र वाईट गेली. गेली. साईरामला सांगते, पट्ट्या पाडायच्या आधी माझा प्रत्येक कागद तू बघ म्हणून. आजवर कधी कुणाला दाखवला नाही मी. मान आड यायचा." मग ती उठली, तोंडावर पाणी मारून केस बांधले आणि तिरुभुवनमवरून जाणारी मयिलाडुतुरैची बस पकडायला निघाली. कीर्तीने फक्त विचारलं, "छत्री घेतलीस?"

दिवसभर शाळेत कीर्तीला एक अक्षर कळलं नाही. संध्याकाळी ती धावत घरी आली तर अम्मा अजून आलेली नव्हती. आत्ते ओट्यापाशी उगाचच डबे पुसत होती. दोघी एकमेकींशी पावसाबद्दल बोलल्या, शेजारणीच्या मांजराबद्दल बोलल्या, दाराकडे मुळीच न बघता.

अम्मा आली, चपला काढल्या, पाय धुतले आणि जमिनीवर बसकण मारली.

"चुकलं," ती म्हणाली.

आत्तेचा डबा खाली पडला. केवढा आवाज झाला!

"काय चुकलं?" कीर्तीने विचारलं.

"मोराचा पिसारा. एका डोळ्याची एक रांग खाली गेली होती. साईरामने पकडलं. घाबरत घाबरत आला माझ्याकडे, अक्का, हे असंच हवंय का म्हणून." अम्मा बोलता बोलता थांबली आणि चक्क हसायला लागली. "मी म्हटलं, नको रे बाबा, मोराला काणा कशाला करायचा? रांग वर घेतली, झालं. मग त्याने स्वतःची एक चूक काढून दाखवली मज, बिचाऱ्याने, मज बरं वाटावं म्हणून. माझ्याहून मोठी होती."

"आणि सेक्रेटरी?"

"त्यांना काय? पट्ट्या पाडल्याच नव्हत्या अजून." तिने पदराने मान पुसली. तिचा चेहरा थकलेला होता, डोळे तसेच तांबडे, पण त्या चेहऱ्याला काही लपवायचं नव्हतं. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती ओट्याकडे वळली. "वन्सं, उद्या डब्यात इडल्या जरा जास्त घाला हो. आणि तुमच्या हातचा मूगडाळ-बटाट्याचा कडप्पा. साईराम म्हणतो, मराठ्यांच्या घरचा खायचाय मज, हॉटेलातला नको."

आत्ते डबा उचलायला वाकली होती, ती तशीच बोलली. "मूगडाळ संपली आहे. कीर्ति, धाव गे दुकानात."

कीर्ती धावली. जिन्यावरून उतरताना ती काहीतरी मोठमोठ्याने बडबडत होती, आणि वरून कुणी तिला हळू म्हणालं नाही.